यजमानांची कावीळ, परसातली विहीर आणि गरोदरपणाचे २३ आठवडे

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडते. डिचोली तालुक्यातल्या एका गावात तुमचे एकत्र कुटुंब आहे. यजमान ३४ वर्षांचे असून कळंगुटच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला आहेत. चवथीनंतर आठव्या दिवशी त्यांना ताप आणि उलट्या सुरू झाल्या, अन्नावरची वासना उडाली आणि बाराव्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले. रक्ताच्या तपासणीत एकूण बिलिरुबिन ८.४, त्यातले डायरेक्ट ५.१, एसजीपीटी १४६०, एसजीओटी ११२० आणि अल्कलाइन फॉस्फटेज १६० असे आकडे आले. डॉक्टरांनी उलटीची गोळी देऊन विश्रांती घ्यायला सांगितले. ‘सलाईनसुद्धा लावले नाही’ अशी तुमची तक्रार आहे. सासूबाईंच्या मते चवथीच्या नेवऱ्या (तळलेल्या करंज्या) आणि रविवारचे पिणे भोवले आहे, आणि आता वेळ न दवडता घाटावरच्या एका माणसाकडे नेऊन गळ्यात कावीळ उतरवणारी म्हणतात ती माळ घालावी व झाडपाल्याचे औषध सुरू करावे. डॉक्टर बदलावा की गावठी औषध घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. आणि अगदी शेवटी, निरोप घेता घेता आठवावे तसे एक वाक्य लिहिले आहे: ‘मी स्वतः २३ आठवड्यांची गरोदर आहे आणि आम्ही सगळे परसातल्या एकाच विहिरीचे पाणी पितो, तर मला काही होणार नाही ना?’

मी गोव्यात २७ वर्षे फिजिशियन म्हणून काम करते आहे आणि पावसाळा सरता सरता दरवर्षी अशा कहाण्या ऐकते. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातला खरा प्रश्न ते शेवटचे वाक्य आहे. यजमानांच्या बाबतीत जे कळले आहे त्यावरून ते बरे होण्याची शक्यता फार मोठी आहे, मग त्यांना कोणाचेही औषध द्या अथवा देऊ नका. तुमच्या बाबतीत मात्र येत्या दोन महिन्यांत काय केले आणि काय टाळले, याने खरोखर फरक पडेल. तसे का, हे पटण्यासाठी कावीळ म्हणजे नेमके काय ते आधी पाहू. समोर बसवून तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे मी पुढे जे सांगते आहे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्यासाठी आहे, त्यांच्या जागी नव्हे.

कावीळ हा रोग नाही, ती खूण आहे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि मग मोडीत निघतात. त्या मोडीतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. ते मुळात पाण्यात न विरघळणारे असते, म्हणून यकृत त्याला विरघळण्याजोगे करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. शौचाला जो पिवळा-तपकिरी रंग असतो तो त्याच्यामुळे. या वाटेवर तीन ठिकाणी घोळ होऊ शकतो: पेशीच प्रमाणाबाहेर मोडू लागल्या, यकृताला सूज आली, किंवा पित्ताची नळी खड्याने वा गाठीने अडली. तिन्ही वेळा डोळे पिवळेच होतात. रक्तात बिलिरुबिन साधारण १ च्या आसपास असते आणि ते अडीच-तीनच्या वर गेले की डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसू लागते. म्हणजे ‘कावीळ झाली’ हे वाक्य ‘ताप आला’ या वाक्याइतकेच अपुरे आहे. जो माणूस कोणत्या कारणाची कावीळ हे न विचारता सरसकट एकच औषध देतो, तो दाराची बेल वाजली म्हणून कोण आले आहे हे न पाहताच चहाचे आधण ठेवतो.

घरच्या घरी पाहण्यासारख्या दोन गोष्टी मी प्रत्येकाला विचारते. लघवीचा रंग आणि शौचाचा रंग. पेशी मोडल्याने होणाऱ्या काविळीत डोळे पिवळे असूनही लघवी बहुधा काविळीसारखी गडद होत नाही, कारण ते बिलिरुबिन विरघळणारे नसते आणि मूत्रपिंडातून उतरत नाही. यकृताच्या सुजेत लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद होते. आणि नळी अडली असेल तर लघवी गडद, शौच मात्र भिजवलेल्या खडूसारखे पांढुरके, आणि अंगाला न थांबणारी खाज, असे चित्र असते. यकृताच्या सुजेतही काही दिवस शौच फिके होऊ शकते, म्हणून एवढ्यावरच निदान करू नये, पण चौकशी कुठून सुरू करायची ते यातून कळते. जाता जाता सांगते, काविळीच्या माणसाला जग पिवळे दिसते असे आपण म्हणत आलो आहोत, पण माझ्या एकाही रुग्णाने आजवर तसे सांगितलेले नाही. त्याचप्रमाणे ‘पांढरी कावीळ’ झाली म्हणून माझ्याकडे आणलेल्या बायका-मुलींपैकी बहुतेकींना कावीळ नव्हतीच, त्यांच्या अंगात रक्त कमी होते.

आता यजमानांचा कागद पाहू. एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींच्या आतली द्रव्ये. पेशी दुखावल्या की ती रक्तात सांडतात. हजाराच्या वरचा आकडा म्हणजे यकृताला अलीकडे आणि एकदम बसलेला मार, आणि या वयात त्याचे नेहमीचे कारण विषाणूची लागण हेच असते. नळी अडली असती तर साधारणपणे अल्कलाइन फॉस्फटेज बरेच चढले असते आणि हे आकडे इतके नसते. दारूने यकृत सुजते तेव्हा हे आकडे सहसा तीनशे-चारशेच्या पलीकडे जात नाहीत आणि एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या घरात असते. तुमच्या कागदावर नेमके उलट आहे. त्यामुळे रविवारच्या पिण्याचे समर्थन मुळीच न करता मी म्हणेन की ही कावीळ त्याची नव्हे. तापाच्या दिवसांत त्यांनी पॅरासिटामॉल किती घेतले, पाठदुखीसाठी वा ताकदीसाठी कोणती चूर्णे चालू होती, क्षयाच्या गोळ्या चालू आहेत का, हे मात्र डॉक्टरांना आठवून सांगा, कारण औषधांनीही असेच आकडे येऊ शकतात. चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या, ही निरोगी मोठ्या माणसाची कमाल मर्यादा. दारू पिणाऱ्याला आणि सुजलेल्या यकृताला ती त्याहून बरीच कमी लागते.

ताप अजून आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि पावसाळ्यात गोव्यात मी हा प्रश्न सर्वांत आधी विचारते. विषाणूच्या काविळीत डोळे पिवळे होतात त्या सुमारास ताप उतरतो. कावीळ आणि ताप दोन्ही चढतेच राहिले, डोळे पिवळ्याबरोबर लालही झाले, पोटऱ्या दाबल्या तर माणूस कळवळला, लघवी कमी झाली, तर ती उंदरांच्या मुतातून पसरणारी लेप्टोस्पायरोसिस असू शकते. शेतात, गटारात, साचलेल्या पाण्यात अनवाणी काम करणाऱ्यांना ती गाठते. तिच्यावर अँटिबायोटिक आहे, ते लवकर द्यावे लागते, आणि विश्रांतीने ती बरी होत नाही. एसजीपीटी १४६० असताना ती शक्यता कमी वाटते, तरी ताप असेल तर हे वाचणे इथेच थांबवून डॉक्टरांना फोन करा.

या कागदावर जे नाही ते मला जास्त खटकते. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे आयएनआर, केलेले दिसत नाही. बिलिरुबिनच्या आकड्याला लोक फार घाबरतात, ‘आठ झाली, दहा झाली’ असे क्रिकेटच्या धावांसारखे मोजतात, पण यकृत काम करते आहे की नाही हे तो आकडा नीट सांगत नाही. रक्त गोठवणारी द्रव्ये यकृत बनवते, म्हणून रक्त गोठायला लागणारा वेळ हा त्याच्या कामाचा खरा हिशेब आहे. बिलिरुबिन १५ आणि आयएनआर १.१ असलेला तरुण माझ्याकडे घरी राहून बरा होतो. बिलिरुबिन ८ पण आयएनआर १.८ असलेल्याला मी त्याच संध्याकाळी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पाठवते. दुसरे म्हणजे लागण कोणती ते कळायला हवे: यकृत सुजवणाऱ्या विषाणूंपैकी हिपॅटायटिस ए आणि ई यांचे आयजीएम (ताजी लागण दाखवणारी रक्ततपासणी), आणि बी-सी साठी एचबीएसएजी व अँटी-एचसीव्ही या तपासण्या. एकट्या यजमानांसाठी ए की ई याने उपचारात फारसा फरक पडला नसता, आणि कदाचित म्हणूनच डॉक्टरांनी खर्च वाचवला असेल. घरात गरोदर बाई आहे हे त्यांना सांगितले होते का?

हे विषाणू आले कुठून, याचा हिशेब बोटांवर मांडता येतो. हिपॅटायटिस ए शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, ई ला १५ ते ६०. चवथीच्या आठव्या दिवसापासून मागे मोजत जा: लागण आषाढी एकादशीपासून श्रावण सरता सरता कधीतरी झाली आहे. तेव्हा नेवऱ्यांचे सारणसुद्धा झालेले नव्हते. तळणाने कावीळ होत नाही. सुजलेल्या यकृताला तळण सोसत नाही, म्हणून आजार आधी तिथे जाणवतो आणि खापर नेवऱ्यांवर फुटते. आषाढ-श्रावण म्हणजे विहीर काठोकाठ भरण्याचे दिवस. हे दोन्ही विषाणू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जातात. आपला जांभा दगड दिसायला कठीण असला तरी आतून पोकळ्या-फटींनी भरलेला असतो. मातीतून पाणी झिरपत, गाळत येते, तसे जांभ्यातून येत नाही, ते धावत येते. विहीर आणि शौचालयाचे सोकपिट (शोषखड्डा) यांत निदान १५ मीटरचे अंतर असावे असे पुस्तके सांगतात, आणि जांभ्याच्या उतारावर मला तेवढ्यानेही समाधान वाटत नाही. एका घरी रुग्ण पाहायला गेले असताना त्यांनी विहीर अभिमानाने दाखवली: स्वच्छ, निळसर, तळ दिसणारे पाणी, चिऱ्यांच्या कडेला नेचे उगवलेले. आणि वरच्या अंगाला, कुंपणापलीकडे, शेजाऱ्याने पाहुण्यांसाठी भाड्याने द्यायला बांधलेल्या चार नव्या खोल्या आणि त्यांचे सोकपिट. त्या पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता, आणि त्या घरात तीन काविळी होत्या. यजमानांना लागण हॉटेलातही झालेली असू शकते, पण तुमच्या विहिरीला निर्दोष ठरवायला तेवढे पुरेसे नाही.

आता तुमच्याविषयी. हिपॅटायटिस ए गरोदरपणात इतरांसारखाच वागतो. ई तसा वागत नाही. बहुतेक माणसे ई मधून विनातक्रार बरी होतात, परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर यकृत एकाएकी निकामी होऊ शकते, आणि अशा बाधित स्त्रियांपैकी शंभरात वीस-पंचवीसपर्यंत दगावल्याच्या नोंदी आहेत. हा आकडा घाबरवण्यासाठी लिहीत नाही. त्याच विहिरीचे पाणी पिणाऱ्या बहुतेकांना आजार होतच नाही, आणि ई माणसाकडून माणसाला घरात सहसा पसरत नाही, तो पाण्यातून येतो. पण हिशेब पुढेही मोजावा लागतो. न उकळलेल्या पाण्याचा शेवटचा पेला तुम्ही ज्या दिवशी प्यायलात, तिथून ६० दिवस तुमच्या सावधगिरीचे. आज २३ आठवडे पुरे आहेत. दोन महिन्यांनी तुम्ही ३१-३२ आठवड्यांच्या असाल, म्हणजे नेमक्या त्या शेवटच्या तिमाहीत. म्हणून आजपासूनच पाणी उकळून प्या. खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तसेच ठेवा आणि झाकून निववा. दात घासायला, ताकात घालायला, कोशिंबीर धुवायलाही तेच. नुसते गाळून किंवा तुरटी फिरवून भागत नाही.

क्लोरीनवरही विसंबू नका, असे मी का म्हणते त्याला इतिहास आहे. १९५५च्या नोव्हेंबरात दिल्लीत सांडपाणी यमुनेतून शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात शिरले. क्लोरीन वाढवले गेले, जिवाणू मेले, म्हणून हगवणीची आणि विषमज्वराची साथ आली नाही. पण काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली आणि त्यात गरोदर स्त्रियांचे हाल सर्वाधिक झाले. ती साथ ए ची नव्हती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी उलगडले. तो ई होता.

या आठवड्यातच तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना भेटा आणि ‘घरात कावीळ आहे, कारण अजून कळलेले नाही’ हे याच शब्दांत सांगा. तुमचे यकृताचे आकडे आज पाहून ठेवावेत आणि पुढे कधी पाहावेत हे त्या ठरवतील. एचबीएसएजीची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेली असेल, तिचा कागद शोधा. यजमानांची कावीळ बी ची निघाली तर तो लैंगिक संबंधातून आणि रक्तातून पसरतो, म्हणून तुमची तपासणी पुन्हा करावी लागेल. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. बाळाला बी ची लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत टोचायची असते. ती तर घरात कावीळ नसतानाही चुकवायची नाही. यजमानांचे ए निघाले तर घरातल्या बाकीच्यांना दोन आठवड्यांच्या आत लस देऊन उपयोग होऊ शकतो, तेही विचारून घ्या. आणि मळमळ, जेवण नकोसे होणे, लघवी गडद होणे, यांतले काहीही तुम्हाला जाणवले तर ‘गरोदरपणात असे होतेच’ म्हणून बसू नका, त्याच दिवशी जा.

सलाईन का लावले नाही, या तक्रारीचे उत्तर देताना मला स्वतःचा दोष कबूल करावा लागेल. पहिली पाच-सहा वर्षे मीही काविळीच्या प्रत्येकाला दोन बाटल्या लावत असे आणि यकृताचे टॉनिक लिहून देत असे. घरचे समाधानाने जात आणि रुग्ण तीन-चार आठवड्यांनी बरा झाला की पेढे घेऊन येत. मग एका पावसाळ्यात दोन भाऊ एकदमच आजारी पडले. एक माझ्याकडे राहिला, दुसऱ्याने काहीही घेतले नाही, तो घरी पेज पिऊन पडून राहिला. दोघे एकाच आठवड्यात कामावर गेले. ए आणि ई ला मारणारे औषध नेहमीच्या उपचारांत नाही, आणि लागतही नाही. शरीर ते काम स्वतः करते. ग्लुकोजच्या बाटलीत जेवढी साखर असते तेवढी दोन पेले सरबतात असते. उलट्या थांबत नसतील, तोंडाने काहीच राहत नसेल, तर सलाईन जरूर लावावे. रंग उतरवण्यासाठी नव्हे. तुमच्या डॉक्टरांनी कमी औषधे दिली, याचा अर्थ कमी विचार केला असा नाही. आयएनआर आणि कारण शोधणाऱ्या तपासण्या मात्र त्यांच्याकडून मागून घ्या. डॉक्टर बदलण्याची गरज मला दिसत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच धीर सुटणार नाही. यजमानांना भूक लागू लागेल, एसजीपीटी भराभर उतरेल, लघवी स्वच्छ होईल, आणि तरीही डोळे दोन-तीन आठवडे पिवळेच राहतील. काही बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटून बसते आणि अल्ब्युमिन जसे झिजेल तसेच जाते. घरचे नेमके याच टप्प्यावर घाबरून माळ शोधतात आणि श्रेय माळेला जाते. ए मध्ये दहातल्या एखाद्याला पहिल्या सहा महिन्यांत आजार थोडा उलटतोही, तोही बहुधा आपणहून शमतो.

ज्याला खरोखर घाबरायचे ते वेगळे आहे. दिवसा झोप आणि रात्री टक्क जाग, उगाच चिडणे, विसंगत बोलणे, ओळखीच्या माणसाचे नाव न आठवणे, हात पुढे पसरले असता ते फडफडणे, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, पोट फुगणे. माझ्या एका रुग्णाच्या बायकोच्या लक्षात आले ते असे की नवऱ्याने सदऱ्याची बटणे तीनदा चुकीच्या काजात घातली. ती रात्रीच त्याला घेऊन आली, म्हणून तो आज आहे. यांतले काहीही दिसले तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करून बांबोळी गाठावी.

आता माळ. सासूबाईंना अंधश्रद्ध म्हणून गप्प बसवू नका, त्यांनी माळेने कावीळ उतरताना डोळ्यांनी पाहिलेली आहे आणि ते खोटे नाही. माळ खरोखर लांबते. मी ती घरी करून पाहिली आहे: पुनर्नवेच्या ओल्या देठांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, प्रत्येकाभोवती दोऱ्याचा एक वेढा, असे साठ-सत्तर. गळ्याशी बसेल एवढीच ती माळ मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. देठ वाळून बारीक होत गेले, वेढे सैल पडून दोरा सुटत गेला, आणि चौथ्या दिवशी ती छातीपर्यंत पोहोचली. खिळ्याला कावीळ नव्हती. हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळे होते, तोही असाच खेळ आहे. आधी हाताला झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो. हे सगळे यशस्वी का ठरते, तर तरुणांची बहुतेक कावीळ आपणहून बरी होणारीच असते.

पण जी तशी नसते तिच्यात माळेने काळ जातो. साठीचा एक मासेमार माझ्याकडे आला होता, कोंकणीत ‘कामीण जाल्या’ म्हणत. दुखणे काही नव्हते, नुसती खाज, इतकी की दंडावर नखांचे ओरखडे होते. सदरा काढला तर माळ बेंबीपर्यंत आलेली. दोन महिने ती गळ्यात होती आणि ‘माळ उतरली, म्हणजे कामीण उतरली’ या भरवशावर तो थांबला होता. बिलिरुबिन १९ निघाले. सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ. दोन महिन्यांपूर्वी ती काढता आली असती का, हे मी सांगू शकत नाही. त्या दिवशी मात्र काढण्याजोगी राहिली नव्हती. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या माणसाला न दुखता कावीळ झाली तर मी पहिल्याच भेटीत सोनोग्राफी करते.

यजमानांच्या गळ्यात माळ घालून सासूबाईंना झोप लागणार असेल तर घालू द्या, मी हरकत घेणार नाही. पोटात मात्र काही नको. भुईआवळा आपल्या परसात उगवतो आणि पुष्कळांनी तो काही न होता घेतला आहे, हे मला ठाऊक आहे. पण पुडीत नेमके काय कुटले आहे, कोणत्या धातूचे भस्म मिसळले आहे, हे देणारा सांगत नाही, आणि आधीच दुखावलेल्या यकृताला त्या पुडीचेही पचन करावे लागते. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे महिनोन्‌महिने पिऊन यकृत सुजलेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईतून प्रसिद्ध झाल्या, त्यावर वादही झाला. माझ्या बाह्यरुग्ण विभागातही अशी दोन माणसे येऊन गेली. देवडांगरीचे थेंब नाकात घालून पिवळे पाणी वाहवण्याचा प्रकार तर करूच नका. ते पाणी काविळीचे नसते, नाकाच्या आतली कातडी भाजल्याने वाहते. तुम्ही स्वतः यातले काहीही घेऊ नका, ‘बाळाला बाधू नये म्हणून आधीच’ असे कोणी म्हटले तरी.

पथ्याच्या नावाखाली काविळीच्या माणसाची उपासमार होते, हे मला दर वर्षी पाहावे लागते. हळद पिवळी म्हणून बंद, तेल बंद, मीठ कमी, नुस्ते (मासळी) बंद, आणि महिनाभर नुसता उकडलेला भात. यकृताला नव्या पेशी घडवायच्या आहेत, त्यासाठी प्रथिने लागतात. मळमळ आहे तोवर पेज, आटवल, केळे, जे जाईल ते थोडे थोडे द्या. सकाळी भूक बरी असते, म्हणून मोठे जेवण सकाळी. भूक आली की डाळ, अंडे, कमी तेलातली मासळीची आमटी, सगळे चालते. हळदीने डोळे पिवळे होत नाहीत. गाड्यावरचा उसाचा रस मात्र नको. ऊस चांगला असतो, त्यातला बर्फ आणि पेला धुतलेले पाणी कुठले ते आपल्याला माहीत नसते. दारू मी सहा महिने बंद सांगते. त्यात शास्त्रापेक्षा माझ्या अनुभवाचा भाग अधिक आहे: आकडे पूर्ववत होईपर्यंत ती नकोच, आणि सहा महिने सोडलेला माणूस कधी कधी सातव्या महिन्यातही सोडलेलीच ठेवतो.

कामावर परतण्याविषयी तुम्ही विचारले नाही, पण ते स्वयंपाकघरात आहेत म्हणून सांगते. ए चा विषाणू विष्ठेतून सर्वाधिक बाहेर पडतो तो डोळे पिवळे होण्याआधीच्या एक-दोन आठवड्यांत, आणि पिवळे झाल्यावर साधारण आठवडाभर पुढे. तो आठवडा त्यांनी कोणाचेही अन्न हाताळू नये, घरचेही नाही. ई चे निघाले तर विषाणू आणखी काही दिवस पडत राहू शकतो, तेव्हा डॉक्टर सांगतील तोवर थांबावे. हॉटेलात कळवायला संकोच वाटेल, रोज बुडेल, हे मला कळते. तरी सोबतच्या कामगारांना मळमळ-ताप असेल तर त्यांनाही तपासायला हवे. घरात शौचाहून आल्यावर साबणानेच हात धुवावेत. या विषाणूंवर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. ताट-वाटी वेगळी ठेवून माणसाला वाळीत टाकल्यासारखे करण्याची गरज नाही, साबणाने घासली की पुरे.

प्रसूतितज्ज्ञांकडे जाताना यजमानांचा कागद आणि तुमचे गरोदरपणाचे कार्ड एकाच पिशवीत न्या. आणि परतताना प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विहिरीच्या पाण्याची तपासणी करण्याचा अर्ज द्या, शेजारच्या घरांत गेल्या दोन महिन्यांत कोणाला कावीळ झाली होती का हेही विचारून लिहा. एकाच वाड्यावर दुसरी कावीळ निघाली तर केंद्राचे कर्मचारी आपणहून घरोघर येतात, आणि त्या घरांत तुमच्यासारखीच आणखी एखादी दिवस गेलेली बाई असू शकते.